पाच किलोचा शनी

उस्ताद,

चंद्रावर वजन कमी होतं. तुम्ही हे मानलं नाहीत आणि मानायच्या आधीच निघून गेलात, म्हणून आज पुन्हा सांगतो. यावेळी नुसतं तोंडानं सांगत नाही. काल एका शाळेच्या सभागृहात, शहरातले निम्मे आडते आणि दुकानदार समोर बसलेले असताना, मी ते लोकांच्या हातात देऊन दाखवलं. चंद्र, बुध, मंगळ, शनी, सगळे एका टेबलावर ओळीनं मांडले होते, हिरव्या कापडावर. त्याच टेबलापाशी काही वेळ माझं नाव लोंबकळलं. पण नाव राहिलं, उस्ताद. नुसतं राहिलं नाही, वाजतगाजत राहिलं. ते कसं, हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

करमाडच्या बाजूच्या एका खेड्यातून मी तुमच्या शहागंजातल्या दुकानात आलो तेव्हा बारावी सायन्सला सपशेल आडवा झालेला होतो. दुकान म्हणजे काय, एक ओटा, वर टांगलेले तराजू, खाली लोखंडी वजनांची रास, आणि मागं गोणपाटाचा पडदा. पडद्याच्या पलीकडं चाचींचं स्वयंपाकघर. तुम्ही विचारलंत, "क्या सीखा?" मी म्हणालो, "सायन्स." त्या दिवसापासून तुमच्यासाठी माझं नाव तेच झालं. "ए सायन्स, कानस दे." "ए सायन्स, चाय बोल." वर्षानुवर्षं हाक मारलीत, पण आईबापांनी ठेवलेलं नाव काही तुमच्या तोंडात बसलं नाही. तुम्ही मला पहिल्यांदा शिकवलंत ते बघायला नाही, ऐकायला. तराजूची दांडी ज्या सुरीवर डोलते ती सुरी आपल्या बैठकीवर कशी बोलते, धुळीचा एक कण आडवा आला तर कशी करकरते, हे डोळे मिटून ओळखायला लावायचात. माझे कान जात्याच तिखट होते, त्यांना कामाला तुम्ही लावलंत. पुढं माणसं ओळखायलाही तेच कान उपयोगी पडले. गिऱ्हाईक काय बोलतं यापेक्षा कुठं थांबतं, हे ऐकून मी धंदा केला.

आणि तो दिवस. मी वजनं पुसत बसलोय. पाच किलोचं हातात आहे, आणि डोक्यात नापास झालेल्या पुस्तकातलं एक पान अजून फडफडतंय. मी म्हणतो, "उस्ताद, हे चंद्रावर नेलं तर एक किलोसुद्धा भरणार नाही."

तुमची कानस थांबते. "कायकू? कौन घिस्या इसको?"

"कुणी नाही घासलं. तिथं ओढच कमी आहे."

"लोहा वोइच?"

"हो."

"शीसा वोइच?"

"हो, उस्ताद."

"तो बाकी का वजन किसने जेब में डाल्या?"

तुमच्यासाठी वजन कमी होण्याची एकच रीत होती. कुणीतरी कापलं, कुणीतरी घासलं, नाहीतर खालचं शिसं कुणीतरी उकरलं. चोर नसताना वजन घटतं, हे ऐकून तुम्ही चिडलात. मग तुम्ही तराजू पुढं ओढलात. "इस पल्ले में वजन, उस पल्ले में शक्कर. लेके जा चांद पे. बोल, काँटा किधर जाता?" मी विचार केला. दोन्ही पारड्यांची ओढ सारखीच घटणार, काटा जागचा हलायचा नाही. "हलत नाही," मी म्हणालो. "तो फिर?" तुमची भुवई वर. मी हार कशाला मानतो? म्हणालो, "स्प्रिंगच्या काट्याला टांगून बघा, मग कळेल." त्यावर तुम्ही जे म्हणालात ते मी आजही कारखान्यात पोरांना सांगतो आणि ती लोळतात. "वो काँटा है? वो तो पजामे का नाड़ा है!"

पडद्याआडून चाचींचा आवाज आला होता, "चांद पे मेरा भी वजन कम होता क्या रे?" मी म्हणालो, "होतं ना चाची, सहावा हिस्सा उरतो." त्या म्हणाल्या, "तो मेरेकू पैले लेके चल. घुटने तो नहीं दुखेंगे." त्या दिवशी माझ्या ताटात मटणाच्या खलियाची एक पळी जास्त पडली. सगळ्या शहागंजात माझ्या विज्ञानाला दाद देणारं तेवढं एकच माणूस होतं.

आता पुष्कळ वर्षं झाली. तुम्ही गेलात तेव्हा शहर औरंगाबाद होतं, आता पाटीवर छत्रपती संभाजीनगर आहे. शहागंजातली गर्दी मात्र पाटी वाचायला थांबत नाही. शेंद्र्याला माझा कारखाना आहे. इलेक्ट्रॉनिक काटे करतो, टेबलावर ठेवायच्या काट्यापासून ट्रक चढतो त्या काट्यापर्यंत. तुम्ही ज्याला नाडा म्हणायचात त्याचाच हा नातू, फक्त शिकलेला. माझे काटे जालन्यापासून वैजापुरापर्यंत बाजारात बसलेत. पण एक गोष्ट मला कायम बोचायची. काट्याकडं माणूस संशयानंच बघतो. घेणारा बघतो, देणारा बघतो. माझ्या हातची वस्तू बघून कुणी खुदकन हसलंय, असं आयुष्यात झालं नव्हतं. म्हणून जेव्हा एका शाळेनं विज्ञानाच्या नव्या दालनासाठी काहीतरी करून द्या म्हणून विचारलं, तेव्हा मी पटकन हो म्हणालो. दुसऱ्या कुणीतरी पडद्यावर ग्रह फिरवून दाखवायची तयारी दाखवली होती. मी म्हटलं, पडदा पोरं घरी बघतातच, ग्रह त्यांच्या हाताला कळला पाहिजे.

कल्पना साधी होती. आपल्याकडचं पाच किलोचं वजन त्या त्या ग्रहावर नेऊन उचललं, तर हाताला जेवढं जड लागेल तेवढं जड एक एक वजन इथं घडवायचं. बाहेरून सगळी एकाच आकाराची, तीच कडी, तीच बैठक. कवच पत्र्याचं आणि आत शिसं, कुठं ठासून, कुठं नावाला. उस्ताद, म्हणजे मी आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून खोटी वजनं करायला बसलो होतो! मनाची खात्री व्हावी म्हणून वजनमापं खात्यातल्या ओळखीच्या साहेबांना फोन केला. ते हसून म्हणाले, "आकडा घालू नका, ग्रहाचं नाव घाला. गुरू घेऊन कोण भाजी विकायला बसतंय?" मग नावं घातली, भडक रंग दिले. चंद्र तर नुसतं कवचच, करंगळीनं उचलावा. मंगळ आणि बुध दोन किलोलाही किंचित कमी. पृथ्वी बरोबर पाच किलो, शुक्र आणि युरेनस तिच्यापेक्षा थोडे हलके, शनी आणि नेपच्यून थोडे जड. आणि गुरू साडेबारा किलोच्या पुढं. तिथं उभं राहायला जमीनच नाही म्हणतात, ढगांच्या वरच्या थरापाशी धरलेला हिशोब आहे हा. माझ्या धाकट्या पोरानं जोशात एका हातानं गुरू उचलायला घेतला आणि गुपचूप दुसरा हात लावला. प्रत्येक वजन मी स्वतः तोलून पाहिलं. तोलून झाल्यावर तळाचं बूच बसवायचं काम तेवढं आमच्या ओतकाम करणाऱ्या मामांकडं होतं. माझ्याकडं सगळ्यात जुना माणूस तोच.

कालचा कार्यक्रम. शाळा समितीचे अध्यक्ष म्हणजे लासूर स्टेशनचे एक शेठ, कापसाची जिनिंग, आवाज खणखणीत. वजनातली चोरी त्यांना वासानं कळते, कारण सगळे प्रकार त्यांनी उभ्या हयातीत पचवलेले आहेत. फीत कापून झाली आणि शेठ टेबलापाशी आले. एका हातात बुध घेतला, दुसऱ्यात मंगळ. वर-खाली केले. पुन्हा केले.

"काटेवाले, हे दोन तर सारखेच लागतेत हो."

"सारखेच आहेत, शेठ."

"पण चित्रात मंगळ चांगला मोठा दिसतोय. एकच नग दोनदा रंगवला काय?"

लोक हसले. मग त्यांनी शनी उचलला, दुसऱ्या हातात पृथ्वी घेतली, आणि माईककडं तोंड करून म्हणाले, "आता हे बघा मंडळी. शनी म्हंजे केवढं धूड, कंबरेला कडं घालून बसलेलं. आन वजन? आपल्या पृथ्वीपेक्षा जरासंच जास्त! काटेवाले, शिसं लई महाग झालं का?"

सगळं सभागृह खदखदलं. शेठची थट्टाच होती ती, मला कळत होतं. पण माझे कान तुमच्या हाताखाली तयार झालेत. मागच्या रांगेतून एक हलका आवाज आला, "काटेवाल्यानं हितंबी काटा मारला." आणि शेजारचा म्हणाला, "व्हय, मग माझा दुकानातला काटा बी एकदा बघाया पायजे." हे दुसरं वाक्य मला लागलं. समोरच्या खुर्च्यांवर निम्मी माझी गिऱ्हाइकं होती. गंमत एवढ्यावर थांबली असती, तर ती हसत घरी गेली असती आणि उद्या सकाळी प्रत्येकानं आपापल्या काट्याकडं तिरपं बघितलं असतं. आमच्या धंद्यात तेवढं पुरतं. नाव बसायला आयुष्य जातं, उठायला एक थट्टा.

मी माईक मागून घेतला. म्हणालो, "शेठ, तुमच्या अंगणात सुटा कापूस पडतो तेव्हा ढीग घराएवढा दिसतो. तोच कापूस दाबून गाठी केल्या की कोपऱ्यात मावतो. मापाला ढीग मोठा, पण माल तेवढाच. व्हय का नाय?"

"व्हय."

"शनी सुट्या कापसासारखा आहे. माल त्याच्यात पृथ्वीच्या नव्वदपटीहून जास्त, पण तो पसरलाय एवढा, की वरच्या थरावरचा माणूस मध्यापासून आपल्या नऊपट लांब पडतो. मध्यापासून दुप्पट लांब गेलं की ओढ चौथाई होते, तिप्पट गेलं की नववा हिस्सा. मग नऊपटीचं काय होत असेल ते तुम्हीच बघा. आणि बुध म्हणजे दाबलेली गाठ. दिसायला बारका, पोटात लोखंड. म्हणून तो मंगळाच्या बरोबरीला येऊन बसतो."

शेठ मान हलवत ऐकत होते. कापूस निघाल्यावर माणूस हरखला होता. पण शेवटी व्यापारी. म्हणाले, "बोलण्यात तुम्ही पटाईत आहात, काटेवाले. तोलून दावा."

तुमचा तराजू मी शोभेला म्हणून तिथं नेऊन टांगला होता. हात लावला तर सुरी करकरली. सभागृहाची धूळ. रुमालानं बैठक पुसली, पुन्हा कान लावला, गप्प झाली. बुध एका पारड्यात, मंगळ दुसऱ्यात. दांडी डोलली, हळूहळू थांबली, काटा मधोमध. कुणीतरी "वा" म्हणालं. मला जोर चढला. मग शनी. दुसऱ्या पारड्यात पृथ्वी, वर तीनशे ग्रॅम आणि किरकोळ वजनं, अगदी कागदावर होतं तेवढं. मी ऐटीत हात काढला.

शनीचं पारडं धपकन खाली गेलं.

उस्ताद, तो आवाज मी ऐकला आणि बघायच्या आधीच मला कळलं. काटा माझा चुकला होता. भर सभेत, तुमच्याच तराजूवर. मागचे उठून उभे राहिले. मी परत तोललं, तेच. शेठ वाकले, पारड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग परत पारड्याकडं. त्यांच्या चेहऱ्यावर असा गोंधळ मी कधी पाहिला नव्हता.

"अहो, हे तर जास्त निघालं!"

आणि मागून आमचे मामा पुढं आले. टोपी हातात. "मालक, ते माझंच काम हाय. बूच लावताना बोराएवढी शिशाची गोळी टाकली मी. शनिमहाराजाला मोजून मापून कसं द्यावं? दर शनवारी उपास धरतो मी. हात व्हईना."

शेठनी विचारलं, "आन गुरूला? त्याला बी टाकली काय गोळी?"

"गुरूला कागदावर होतं तेवढंच. गुरू रागावत नाय."

यावर जे हसू उसळलं, ते ऐकायला तुम्ही हवे होतात. पहिल्या रांगेतल्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. माझ्या वस्तूकडं बघून माणसं हसत होती, उस्ताद, आणि त्या हसण्यात संशयाचा कण नव्हता. ज्याच्यावर माप मारल्याचा आळ घेतला, त्यानं उलट जास्त दिलेलं निघालं! शेठनी माईक हातात घेतला. "माझा शब्द मागं. काटेवाल्यानं शिसं वाचवलं नाय, उधळलंय. राहू द्या तसंच, शनीचा आशीर्वाद म्हणून." टाळ्या पडल्या. तिथं गप्प बसलो असतो तरी जिंकलो होतो.

पण तुमच्या ओट्यावरची ती भाजीवाली बाई मला आठवली. वजन थोडं भारी करून द्या, गिऱ्हाइकाला जास्त गेलं तर मला पुण्य लागेल, म्हणाली होती. तुम्ही तिला हात जोडलेत. "पुण्य करना है तो ऊपर से दो भिंडी डाल, बाई. वजन को झूठ नक्को सिखा." मी म्हणालो, "शेठ, कमी चूक तशीच जास्तही चूक. पोरांच्या हाताला खोटा शनी नको." गाडीत हातड्रिल असतंच. सगळ्यांच्या समोर शनी उलटा केला, तळातनं शिसं कोरत गेलो. चुरा कागदावर पडत होता, आणि मामा त्याला मनातल्या मनात नमस्कार करत होते. ठेवलं, कोरलं, ठेवलं. शेवटी दांडी डोलायची थांबली, आणि काटा मधोमध असा उभा राहिला की मला वाटलं त्यानंच मला सलाम केला. सभागृह उठून उभं राहिलं. मघाशी मागच्या रांगेत कुजबुजणारा पुढं येऊन माझा हात हातात घेऊन म्हणाला, "दुसऱ्या दुकानाला बी तुमचाच काटा बसवतो." आणि शेठ माझ्या कानाला लागून म्हणाले, "काटेवाले, एक जोडी मला द्या करून. खरेदीला गुरू, विक्रीला चंद्र!" मी म्हणालो, "शेठ, मग वजनमापंवाले तुम्हाला थेट नेपच्यूनवर पाठवतील." ते पोट धरून हसले.

मग पोरांची रांग लागली. चंद्र उचलताना प्रत्येक पोर फुशारकी मारायचं, आणि गुरूपाशी येऊन तोंड वेडंवाकडं करायचं. मी बाजूला उभा राहून ऐकत होतो. हारतुरे झाले, फोटो झाले, भाषणात मला काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही, लिहिलं तर तुम्ही म्हणाल पोरगं फुगलं.

तुमचं-माझं भांडण मात्र आता मिटवून टाकतो. पाच किलो लोखंड कुठंही न्या, पाच किलोच राहतं. तुमचा तराजू ते दाखवतो, तेव्हा तुम्ही खरे. आणि हाताला ते चंद्रावर हलकंच लागतं, स्प्रिंगचा काटा ते दाखवतो, तेव्हा मीही खरा. दोघंही जिंकलो. असं मी काल भाषणात म्हणालो, लोकांना फार आवडलं.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, धाकट्यालाही नाही, कारण यात एक गोष्ट लिहायची आहे जी भाषणात खपली नसती. दोघंही जिंकलो वगैरे खोटं आहे. मला एकट्याला जिंकायचं होतं. काल एवढ्या टाळ्या वाजल्या, सगळ्यांना पटलं, एकानंही हरकत घेतली नाही, आणि मी आपला कान लावून उभा. कुणीतरी कोपऱ्यातून "नक्को" म्हणावं, मला वेड्यात काढावं, आणि मी सगळं पहिल्यापासून पुन्हा समजावून सांगावं, असं फार वाटत होतं.